सात वर्षांच्या खंडानंतर स्कायडायव्हिंगकडे परतताना

प्रश्न असा आहे: ए लायसन्स (एकट्याने उडण्याचा पहिला परवाना), ४० उड्या, आणि मग पदवी, नोकरी, लग्न, मूल यांत सात वर्षं गेली. वजन ८० किलोवरून ९२ वर गेलं. कपाटात स्वतःची रिग (पाठीवरचा पॅराशूटचा संच) पडून आहे, तिच्यातली मेन कॅनॉपी, म्हणजे मुख्य पॅराशूट, १७० चौरस फुटांची. आता परत सुरू करायचं तर सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल का? की विंड टनेलमध्ये, म्हणजे खालून जोराचा वारा सोडणाऱ्या बंदिस्त नळीत, अर्धा तास उडून अंग मोकळं केलं की थेट विमानात चढता येईल? आणि ती रिग वापरता येईल का?

आधी उत्तरं देतो, कारणं नंतर. पहिल्यापासून शिकावं लागणार नाही, पण जमिनीवरचं प्रशिक्षण जवळजवळ पूर्ण करावं लागेल. टनेलचा उपयोग आहे, पण जिथे तुम्हाला खरी गरज आहे तिथे नाही. रिग आज अजिबात वापरू नका. रिगरने, म्हणजे पॅराशूट तपासून पॅक करणाऱ्या परवानाधारक कारागिराने, उघडून बघितल्यावरही तिच्यातली मेन बहुधा बदलावीच लागेल.

खंडात काय जातं आणि काय राहतं, हे नीट समजलं तर बाकीचं आपोआप उलगडतं. पोटावर स्थिर पडणं, आर्च (पोट पुढे काढून शरीराची कमान), वळणं हे सगळं शरीर फारसं विसरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या उडीत ते परत येतं. जातात त्या तीन गोष्टी: उंचीचं भान, बिघाड झाल्यावर हात न विचारता मुख्य पॅराशूट सोडून राखीव उघडण्याच्या हँडलकडे जाण्याची सवय, आणि कॅनॉपीखाली जमीन किती वेगाने जवळ येते आहे हे ओळखणारी नजर. यातली शेवटची सगळ्यांत उशिरा परत येते. गंमत अशी की जे सर्वांत आधी परत येतं तेच सर्वांत मजेचं असतं, त्यामुळे माणसाला वाटतं, आलं की सगळं! म्हणून परतणाऱ्याची पहिली उडी मला फारशी धोक्याची वाटत नाही. पहिल्या उडीला तो घाबरलेला असतो, इन्स्ट्रक्टर शेजारी असतो आणि प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली जाते. काळजी वाटते ती पाचव्या ते विसाव्या उडीची.

आता नियम. अमेरिकेत यूएसपीएच्या (तिथल्या पॅराशूट संघटनेच्या) शिफारशीनुसार ए लायसन्सवाल्याने ६० दिवस उडी मारली नसेल तर पुढची उडी इन्स्ट्रक्टर दर्जाच्या माणसाच्या देखरेखीखाली मारावी. त्याच्या वरच्या बी लायसन्सला ही मुदत ९० दिवस आहे, सी आणि डीला सहा महिने. विद्यार्थ्याला फक्त ३० दिवस. इतर देशांच्या संघटनांचे आकडे थोडे वेगळे आहेत, पण तत्त्व सगळीकडे हेच: जितका अनुभव कमी, तितका तो लवकर शिळा होतो. एक वर्षाच्या वरचा खंड हा वेगळाच प्रकार मानला जातो आणि त्यासाठी विद्यार्थ्यासारखं सविस्तर प्रशिक्षण सुचवलेलं आहे. तुमचा खंड सात वर्षांचा. लायसन्स रद्द झालेलं नसतं, सदस्यत्व चालू केलं की ते पुन्हा वैध होतं. पण लायसन्स वैध असणं आणि उडीसाठी तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रॉपझोनला (जिथून उड्या मारतात त्या केंद्राला) आधी फोन करा, लॉगबुक घेऊन जा, आणि शेवटच्या उडीची तारीख खरी सांगा. ‘मधूनमधून उडत होतो’ असं सांगून कुणाचंच भलं झालेलं नाही.

वजनाचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिला आहे. मी तो सगळ्यांत वर ठेवेन, कारण बाकीचे निर्णय त्यावर ठरतात. हिशोब करू. रिग, कपडे, हेल्मेट मिळून साधारण १२ किलो धरा. तेव्हा विमानातून बाहेर पडताना तुमचं एकूण वजन ९२ किलो, म्हणजे सुमारे २०३ पौंड होतं. भागिले १७० चौरस फूट केलं की विंग लोडिंग, म्हणजे कॅनॉपीच्या दर चौरस फुटावर किती पौंड, १.१९ येतं. ए लायसन्ससाठी १.० च्या आसपास राहावं असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं, म्हणजे तेव्हाही ते जरा जास्तच होतं. आज एकूण १०४ किलो, २२९ पौंड, म्हणजे विंग लोडिंग १.३५. कॅनॉपी तीच, कपाट तेच, पण आता ती पुढे जास्त वेगाने जाईल, खाली जास्त वेगाने येईल, वळणात जास्त उंची खाईल, आणि फ्लेअरची (उतरताना शेवटी ब्रेक ओढून वेग मारण्याची) चूक कमी माफ करेल. २३० चौरस फुटांची कॅनॉपी घेतली तर तेच गणित १.० वर येतं. पहिल्या दहा-पंधरा उड्या २३० किंवा त्याहून मोठ्या कॅनॉपीवर मारा. कमीपणा वाटेल, वाटू द्या.

रिझर्व्हचं, म्हणजे राखीव पॅराशूटचं, लोडिंग मात्र बहुतेक जण तपासतच नाहीत. रिझर्व्ह अनेकदा मेनइतकीच किंवा तिच्याहून लहान असते. तिच्यावर कमाल वजन छापलेलं असतं, ते वाचा. मेनवर आपण उघड्या, ओळखीच्या मैदानात उतरतो. रिझर्व्हवर कधीकधी कुंपणाच्या पलीकडे, कमी उंचीवर, गोंधळलेल्या डोक्याने उतरावं लागतं. मोठी कॅनॉपी हवी ती तिथे.

शरीराबद्दल थोडक्यात. खांदा कधी निखळलेला असेल तर डॉक्टरांकडून स्पष्ट होकार घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण वाऱ्यात हात मागे खेचला जाऊन तो पुन्हा निखळला तर पायलट शूटपर्यंत (मेन बाहेर ओढणाऱ्या छोट्या पॅराशूटपर्यंत) पोचणार कोण? रक्तदाब, चक्कर, पाठ, गुडघे, झोप आणणारी औषधं यांची चौकशी करून घ्या. चश्मा लागला असेल तर तो मावेल असे गॉगल घ्या आणि घालून अल्टिमीटर (मनगटावरचं उंची दाखवणारं यंत्र) वाचून बघा. सर्दीने नाक-कान बंद असताना उडी मारू नका. जमिनीवर पोटावर पडून, छाती आणि गुडघे उचलून आर्च ३० सेकंद धरता येतो का बघा. नाही आला, तर महिनाभर आधी पाठीचे आणि नितंबांचे व्यायाम सुरू करा.

कपाटातली रिग

सात वर्षं न वापरलेली रिग ‘नव्यासारखी’ दिसते आणि तिथेच फसगत होते. ती घरी उघडून बघण्यापेक्षा थेट रिगरकडे न्या. रिझर्व्ह ठरावीक मुदतीत उघडून, तपासून पुन्हा पॅक करावीच लागते. अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची आहे, पूर्वी १२० होती. तुमची कधीच संपली. एएडी, म्हणजे ठरलेल्या उंचीला माणूस अजून वेगात पडत असेल तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र, यालाही आयुष्य आणि सर्व्हिसच्या तारखा असतात. त्या मॉडेल आणि उत्पादनाच्या वर्षावर ठरतात. सिरियल नंबर घेऊन उत्पादकाच्या नियमाशी ताडून बघा. मुदत संपलेलं एएडी चालू होतं, आकडे दाखवतं, त्यामुळे ते ‘चालतंय’ असा समज होतो. त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

मेनमध्ये बघायचं ते दोऱ्यांकडे. दोऱ्या स्पेक्ट्रा या धाग्याच्या असतील तर त्या वापराने आखडतात. उघडताना स्लायडरच्या (उघडण्याचा वेग आवरणाऱ्या, दोऱ्यांवरून घसरत येणाऱ्या कापडाच्या) कड्या दोऱ्यांवर घासून उष्णता तयार होते, आणि हे घर्षण कडेच्या दोऱ्यांना, विशेषतः ब्रेकच्या दोऱ्यांना जास्त लागतं. म्हणून सगळ्या दोऱ्या सारख्या आखडत नाहीत. ब्रेकलाइन आखूड झाली की हात पूर्ण वर असतानाही कॅनॉपीचा मागचा काठ थोडा खाली ओढलेला राहतो, म्हणजे तुम्ही नकळत सतत ब्रेक दाबून उडता. ओळखायची खूण सोपी आहे: पूर्ण वेगात, टॉगल (ब्रेकलाइनच्या हातातल्या मुठी) वर असताना ब्रेकलाइनला मागे बाकदार ढील दिसली पाहिजे. ताठ दिसली तर रिगरला दाखवा. व्हेक्ट्रानच्या दोऱ्या आखडत नाहीत, पण झिजतात आणि शेवटी तुटतात. जाड, मऊ डॅक्रॉन या बाबतीत सोशिक असते.

पायलट शूटकडे लोक दुर्लक्ष करतात. कोलॅप्सिबल, म्हणजे मेन उघडल्यावर मिटणाऱ्या प्रकारात, ते मिटवणारी आतली किल लाइन आखडली की पॅकिंगच्या वेळी पायलट शूट ‘कॉक’ (पुन्हा फुगायला तयार) केलं तरी वाऱ्यात पूर्ण फुगत नाही. मग ते ब्रायडलच्या (त्याला मेनशी जोडणाऱ्या पट्टीच्या) टोकाला नुसतं ओढलं जात राहतं आणि रिग बंद ठेवणारी पिन सुटत नाही. ब्रायडलवरच्या छोट्या खिडकीत रंगीत खूण दिसते का, एवढंच बघून थांबू नका. पायलट शूट हातात धरून किल लाइन आणि मधली टेप एकाच वेळी ताणली जाते का तेही बघा. पाठीच्या तळाशी असलेल्या त्याच्या खिशाचं इलॅस्टिक सैल झालेलं असेल तर तो खिसा बदलायचाच. सैल खिशातून पायलट शूट विमानाच्या दारात बाहेर आलं तर धोका एकट्या तुमचा राहत नाही, विमानाचं शेपूट आणि आतले सगळे जण त्यात येतात.

थ्री-रिंग सिस्टीम, म्हणजे मेनला अंगावरच्या हार्नेसशी जोडणाऱ्या तीन कड्या, खूप दिवस त्याच अवस्थेत बसून राहिली की रायझरची (दोऱ्या आणि हार्नेस यांच्यामधली) पट्टी त्याच आकारात ताठरते. मग कटअवे करताना, म्हणजे बिघडलेली मेन सोडून देताना, रायझर सुटायला जास्त जोर लागू शकतो. कड्या सोडवून पट्ट्या हाताने सगळ्या बाजूंना वाकवायच्या, पिवळ्या केबल्स काढून उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे पुसायच्या आणि परत जोडायच्या. चालू रिगवरही हे काम महिन्यातून एकदा करायचं असतं. हँडलचं वेल्क्रो, क्लोजिंग लूप, वाळून तडकलेले रबर बँड, कापडावरचे ओलाव्याचे डाग, कडेला उंदराने कुरतडलेलं, बॅटरी गळून पडलेला डाग, हे सगळं रिगरच्या नजरेला पडतंच.

आणखी एक गोष्ट. वजन बदललं की हार्नेसचं बसणंही बदलतं. हार्नेस घालून, पट्ट्या आवळून आरशासमोर उभे राहा. छातीवरची दोन हँडल्स पूर्वी जिथे असायची तिथेच आहेत का? मग लोंबकळून बघा. ढिल्या हार्नेसमध्ये पॅराशूट उघडलं की सगळा हार्नेस वर सरकतो आणि हँडल्स कानाच्या दिशेने जातात. हात सवयीने जिथे जाईल तिथे ती नसतात.

भाड्याच्या रिगवर पहिल्या उड्या मारणं मला जास्त पसंत आहे, पण तिथेही एक प्रश्न विचाराच: ही दोन हँडलची सिस्टीम आहे का? विद्यार्थ्यांच्या काही रिगवर एकाच हँडलने मेन सुटते आणि रिझर्व्ह उघडते. तुमच्या रिगवर लाल आणि रुपेरी अशी दोन वेगळी हँडल्स आहेत. शिकलेलं एक आणि अंगावर दुसरं, असं व्हायला नको.

जमिनीवरचा सराव

इथे जितका वेळ द्याल तितका थोडाच. लोंबकळत्या हार्नेसमध्ये बिघाडांचे फोटो दाखवून सराव होतो. तो एकदा नव्हे, सलग दहा वेळा बरोबर येईपर्यंत करा. क्रम तोच जुना: आर्च, कटअवे हँडलकडे बघ, पकड, रिझर्व्ह हँडलकडे बघ, कटअवे पूर्ण ओढ, मग रिझर्व्ह पूर्ण ओढ. हँडलवर एकेक हात ठेवायचा की दोन्ही हात एकाच हँडलवर, यावर शाळा वेगवेगळ्या आहेत. ज्या ड्रॉपझोनवर उडणार आहात तिथल्या इन्स्ट्रक्टरबरोबर एकच पद्धत ठरवा आणि तीच घोटा. पायलट शूट बाहेर आहे पण कंटेनर (मेन ठेवलेला कप्पा) उघडत नाही, अशा वेळी आधी कटअवे करायचा की सरळ रिझर्व्ह, यातही दोन मतं आहेत आणि दोन्हींना आपापली कारणं आहेत. चालणारं उत्तर एकच: निर्णय जमिनीवर घेतलेला असावा.

दोन कॅनॉपी एकदम उघडल्या तर काय, हे ए लायसन्सवाल्यांना सहसा धड आठवत नाही. एकामागे एक, एकमेकींना टेकून उडत असतील तर पुढचीला हलकेच दिशा द्या, ब्रेक सोडू नका, फ्लेअर करू नका, पाय जुळवून पॅराशूट लँडिंग फॉलने (लोळण घेत) उतरा. शेजारी शेजारी असतील आणि एकमेकींत गुंतलेल्या नसतील तर उंची बघून कटअवे करता येतो. दोघी जमिनीच्या दिशेने फाकून खाली ओढत असतील तर मेन सोडावीच लागते.

उंचीचे आकडे पाठ म्हणून नको, हिशोब म्हणून डोक्यात बसवा. यूएसपीएच्या नियमांत ए लायसन्सवाल्याने पॅराशूट उघडण्याची किमान उंची ३,००० फूट आहे आणि कटअवेचा निर्णय २,५०० फुटांच्या वरच व्हायला हवा. १,००० फुटांच्या खाली कटअवे नाही. आता बघा: पोटावर पडताना वेग ताशी सुमारे १२० मैल, म्हणजे सेकंदाला १७६ फूट. ३,००० आणि २,५०० यांच्यामधलं अंतर तीन सेकंदांत संपतं, आणि कॅनॉपी उघडायलाच ७००-८०० फूट लागतात. म्हणजे ३,००० ला पायलट शूट सोडलं तर कॅनॉपी डोक्यावर नीट दिसायच्या आत निर्णयाची उंची निघून गेलेली असते. किमान उंची ही योजना नव्हे. पहिल्या दहा उड्यांत ५,००० फुटांना उघडा. कॅनॉपी ४,२०० च्या आसपास हातात येईल, टॉगल सोडून डावं-उजवं वळण आणि एक फ्लेअर करून बघायला सावकाश वेळ मिळेल. लाइन ट्विस्ट (दोऱ्यांना पीळ) असतील तर तेही शांतपणे सोडवता येतील. सी आणि डी लायसन्सवाल्यांची किमान उंचीसुद्धा २०१३ साली २,००० वरून २,५०० फूट करण्यात आली, तुमच्या खंडाच्या आधीपासून उडणाऱ्यांच्या डोक्यात कधीकधी जुनाच आकडा असतो. त्यांचं ऐकून स्वतःचा आकडा खाली आणू नका.

टनेलबद्दल. दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत १०-१५ मिनिटं पुरेत. पाय असमान आहेत, एक गुडघा दुमडला जातो म्हणून नकळत वळायला होतं, असल्या गोष्टी तिथे पाच मिनिटांत पकडता येतात. आकाशात त्याच शोधायला तीन उड्या जातात. पण टनेलमध्ये दार नाही, विमानाच्या पुढच्या दिशेने येणारा वारा नाही, उंची नाही, उतरणं नाही. उलट एक वाईट सवय तिथे लागते. आत उडताना कुणी मनगटाकडे बघत नाही. म्हणून इन्स्ट्रक्टरला सांगून टनेलमध्येही दर चार-पाच सेकंदांनी मनगट बघायचं आणि शेवटी हात हलवून पायलट शूटकडे जाण्याची नक्कल करायची. लोक हसतील, हरकत नाही.

पहिल्या उड्या

पहिल्या उडीत एकच काम असावं, उंची बघत राहणं. १३,००० फुटांवरून बाहेर पडलात तर पहिले १,००० फूट जायला साधारण दहा सेकंद लागतात, मग दर १,००० फुटांना साडेपाच सेकंद. ५,००० पर्यंत जेमतेम ४८ सेकंद हातात येतात. आर्च, अल्टिमीटर, हँडलला दोन-तीन वेळा हात लावून बघणं, ९० अंशांची दोन वळणं, ५,५०० ला हात हलवून इशारा, ५,००० ला उघडणं. घरी घड्याळ लावून जमिनीवर पडून हाच क्रम पाच-सहा वेळा करा. सात वर्षांनंतर पहिली पंधरा सेकंदं कुठे गेली ते कळत नाही, असं होतंच. मेंदूवर एकदम माहितीचा मारा होतो आणि वेळ आखडतो. ऑडिबल, म्हणजे कानात वाजणारा उंचीचा इशारा, आज सर्रास वापरतात. लावा, पण मनगट बघितल्याशिवाय तो वाजला तर ती उडी फसली असं धरा.

दुसऱ्या उडीत पूर्ण वळणं, मुद्दाम अस्थिर होऊन पुन्हा स्थिर होणं, आणि विमानाच्या मार्गाला काटकोनात पाच-सहा सेकंद ट्रॅकिंग (आडवं सरकत दूर जाणं). तिसरीत कोचबरोबर दोघांची उडी. चौथी मात्र फ्रीफॉलची मजा सोडून ५,००० ते ५,५०० फुटांवरून बाहेर पडून पाच सेकंदांच्या आत उघडण्याची करा. विमानात बिघाड झाला आणि ‘उतरा!’ म्हणून ओरडले तर हेच करावं लागतं. वेग कमी असल्याने कॅनॉपी संथ उघडते आणि वारा खालून नव्हे, समोरून येतो. आर्च त्या वाऱ्याला द्यायचा, जमिनीला नाही. हे आधी केलेलं नसेल तर माणूस इथे हमखास गोंधळतो.

या दिवसांत कॅमेरा नको, मोठा गट नको, ‘ही छोटी कॅनॉपी एकदा उडवून बघ’ नको. दिवसाला तीन-चार उड्या, शक्यतो लागोपाठ दोन दिवस. महिन्याला एक अशा चार उड्यांपेक्षा दोन दिवसांतल्या सहा उड्या कितीतरी उपयोगाच्या.

गटांमधलं अंतर हाही खंडात विसरलेला विषय. जमिनीवरून मोजलेला विमानाचा वेग ९० नॉट असेल तर ते सेकंदाला सुमारे १५० फूट सरकतं. आधीच्या गटापासून १,५०० फूट अंतर हवं असेल तर दहा सेकंद थांबा. वर वारा जोरात असून वेग ६० नॉटवर आला असेल तर तेच अंतर पडायला १५ सेकंद लागतात. मागचे लोक ‘चल, चल’ म्हणतील. मोजूनच निघा.

कधी दारात उभं राहिल्यावर मन म्हणेल, आज नको. विमानाबरोबर खाली येणं पूर्ण मान्य गोष्ट आहे. फक्त पायलटला लगेच सांगा. विद्यार्थी सेटिंगवरचं एएडी सेकंदाला १३ मीटरच्या आसपास उतरण्याच्या वेगालाही रिझर्व्ह उघडू शकतं, आणि विमान झपाट्याने खाली आलं तर तो वेग गाठला जातो. एक्स्पर्ट सेटिंगला हा आकडा सेकंदाला ३५ मीटर असतो, तरी सांगायचं. दार बंद करायला सांगा, हँडल्स झाकून धरा, पट्टा लावा.

कॅनॉपी

इथेच सर्वांत जास्त वेळ द्या. या खेळातल्या गंभीर अपघातांचा मोठा वाटा पूर्ण उघडलेल्या, निर्दोष कॅनॉपीखाली घडतो आणि त्यात जमिनीजवळ घेतलेलं घाईचं वळण वारंवार दिसतं. बी लायसन्ससाठी यूएसपीएने वेगळा कॅनॉपी कोर्स सक्तीचा केला आहे. तुम्ही बीच्या वाटेवर आहातच, तर तो परतल्या परतल्या करा.

५,००० ला उघडल्यामुळे जो वेळ मिळतो तो २,५०० पर्यंत वापरून घ्या. प्रत्येक हालचालीआधी मान वळवून आजूबाजूला कुणी नाही ना बघा. टॉगल सावकाश खाली आणत कॅनॉपी स्टॉल कुठे होते, म्हणजे उडणं सोडून कुठे कोसळू लागते, ते शोधा, म्हणजे या कॅनॉपीवर फ्लेअरची लांबी किती हे हाताला कळेल. अर्धे ब्रेक लावून, एक टॉगल थोडं सोडून वळा. असं वळण सपाट होतं आणि उंची कमी खातं. जमिनीजवळ अडथळा आला तर वापरायचं वळण हेच. एक टॉगल खसकन ओढायचं नाही. मागच्या रायझरनेही एकदा फ्लेअर करून बघा, कारण ब्रेकलाइन तुटली तर तेच उरतं.

उतरण्याची आखणी साध्या आकड्यांनी करा: १,००० फुटांना वाऱ्याच्या दिशेने, ६०० ला आडवं वळण, ३०० ला शेवटचा टप्पा. मोठ्या, संथ कॅनॉपीवर हे आकडे जुळवून घ्यावे लागतील. दर उडीनंतर कुठे लांब पडलो, कुठे तोकडे, ते बघून पुढच्या उडीत बदला. शेवटच्या टप्प्यात नागमोडी वळू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही कुठे जाणार हे कळलं पाहिजे. वारा कमी असलेला दिवस निवडा. विद्यार्थ्यांसाठी ताशी १४ मैलांची मर्यादा असते, तीच स्वतःला लावून घ्या.

आता फ्लेअर. नजर पायांखाली गेली की जमीन अंगावर येते असं वाटतं आणि हात लवकर खाली जातात. ४५ अंशात पुढे बघा, क्षितिजाचा भाग डोळ्यांच्या कडेला राहू द्या. साधारण दोन माणसांच्या उंचीवर, दहा-बारा फुटांना, फ्लेअर सुरू. सात वर्षांनंतर तो लवकरच होईल, जवळपास सगळ्यांचा होतो. तसं झालं की हात वर सोडू नका. सोडले की कॅनॉपी पुढे झेप घेते आणि तुम्हाला जमिनीवर आपटते. हात आहेत तिथे धरा, शेवटच्या तीन-चार फुटांत उरलेला फ्लेअर पूर्ण करा, पाय आणि गुडघे घट्ट जुळवा, लोळण घ्या. उभं राहून उतरण्याचा हट्ट पहिल्या पाच उड्यांत ठेवूच नका. घोटे त्याच हट्टापायी मोडतात. वाऱ्याची दिशा चुकली असं खाली आल्यावर लक्षात आलं, तर वाऱ्याबरोबर सरळ उतरा. कॅनॉपी सपाट, समोर मोकळं, फ्लेअर, लोळण. चुकीच्या दिशेने सरळ उतरलेला माणूस उठून कपडे झटकतो.

लॉगबुकात प्रत्येक उडीला चार आकडे लिहा: पायलट शूट किती उंचीला सोडलं, कॅनॉपी पूर्ण हातात कधी आली, १,००० फुटांना कुठे होतो, ठरवलेल्या जागेपासून किती पावलांवर उतरलो. ठरवलेली आणि प्रत्यक्ष उंची यात २०० फुटांहून कमी फरक, आणि उतरणं सलग पाच वेळा ठरवलेल्या जागेच्या वीस-पंचवीस पावलांत, एवढं झालं की इन्स्ट्रक्टरशी २१० च्या कॅनॉपीबद्दल बोलायला हरकत नाही. तिच्यावर तुमचं विंग लोडिंग १.०९ येईल. १७० ची मेन रिगरने पास केली तरी तिचा विचार त्यानंतरच्या हंगामात, तोही वजन उतरलं असेल तर. आणि मधे पुन्हा ६० दिवस उडी झाली नाही, तर मोठी कॅनॉपी आणि ५,००० फुटांची उंची, दोन्ही परत.